न रागावण्याचा तास

नोवोसिबिर्स्क,
२४ जुलै २००५

ती. कलिपा एजे हिस,

मेदेरचा छातीवर हात ठेवून सलाम. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. शाळेत उघडू नकोस आणि जुमाश भाऊजींसमोर तर मुळीच नको. वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्या पोस्टातल्या फोनवर सांगणार होतो, पण तिथे अर्धं गाव रांगेत उभं राहून ऐकत असतं.

एजे, माझं लग्न झालंय. तीन वर्षं झाली. तिचं नाव लिदा. रशियन आहे, बेकरीत काम करते. आम्हाला एक लेक आहे, अडीच वर्षांची. घे, लिहून टाकलं एकदाचं.

पुढचं याहून अवघड आहे. मी आता इकडेच राहणार. धाकट्या मुलाने आईवडिलांचं घर धरून राहायचं असतं, हे मला कोणी सांगायला नको. माझी बायको यायची म्हणून अपा त्या मागच्या खोलीला दर वर्षी चुना लावते. मी येतो तेव्हा त्याच खोलीत झोपतो आणि मला भिंतींकडे बघवत नाही. छत्तीस वर्षांचा बाप्या मी, पाच मजले परांचीवर चढतो, आणि स्वतःच्या आईला एक वाक्य मला सांगता येत नाही.

ऑक्टोबरात येतोय. या वेळी आपल्या तासाला सांगणारच. तो तास लिदाला समजावताना माझी दमछाक झाली. तिला म्हटलं, शरदात सरकार घड्याळ एक तास मागे घेतं ना, तर आमचे अता रात्री काट्याला हात लावायचे नाहीत. रविवारी दुपारी तीन वाजले की स्टुलावर चढून काटा दोनवर आणायचे आणि सांगायचे की हा तास सरकारचा नाही, मेंढरांचा नाही, आपल्या घराचा आहे. ज्याला जे बोलायचं ते या तासात बोला. कोणी रागवायचं नाही, आणि पुन्हा तीन वाजले की तो विषय कधी काढायचा नाही. तू सातवीत नापास झालीस ते याच तासात सांगितलंस. अपाच्या शेवयांच्या रश्श्याला चव नसते हे अतांनीही याच तासात सांगितलं होतं, आणि अपा खरंच रागावली नव्हती. फक्त महिनाभर रश्श्यात मीठ नव्हतं.

लिदा खूप हसली. मग म्हणाली, बाप गेल्यावरही तुम्ही तो तास पाळता, तर गेली दोन वर्षं तू त्या तासाला काय सांगून आलास? मी सिगरेट ओढायला बाहेर गेलो.

तू फक्त अपाचा अंदाज घेऊन ठेव. आणि तू रागावलीस तरी तुझ्या घरी मला चहा मिळत राहू दे, एवढंच मागणं.

तुझा धाकटा भाऊ,
मेदेर


अत-बाशी,
३ सप्टेंबर २००५

चि. मेदेर यास,

कलिपा एजेचे अनेक आशीर्वाद, आणि कान पिरगाळून वि. वि.

पत्र चुलीत घातलं. जुमाशने विचारलं काय जाळतेस, तर सांगितलं की शाळेचं जुनं परिपत्रक. बावीस वर्षांच्या संसारात त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तुझ्यापायी. गाढवा, मला भाची झाली आणि अडीच वर्षांनी कळतंय होय? आधी रडले, मग गोठ्यात जाऊन हसले, मग परत रडले. गाईला वाटलं असेल हिचं डोकं फिरलं.

पण तुझ्या तासाची वाट लागली आहे. ऑगस्टमध्ये रेडिओवर सांगितलं की आता घड्याळ फिरवायचंच नाही. मार्चमध्ये पुढे केलेला काटा आहे तिथेच राहणार. ऑक्टोबरचा तो रविवार येईल आणि साध्या रविवारासारखा जाईल. गावात सगळे खूश आहेत. शेजारच्या सोनुनबूबूची गाय दर मार्चात आठवडाभर धारेच्या वेळी लाथा झाडायची, ती सुटली म्हणते. आमचे मुख्याध्यापकही खूश, कारण दर शरदात निम्मी मुलं तासभर आधी येऊन अंगणात कुडकुडायची. मी मात्र वैतागले आहे. डिसेंबरात सकाळी आठला मिट्ट काळोख असेल, विजेचा भरवसा नाही, फळ्यावर मी काय लिहिणार आणि पोरं काय वाचणार?

अपाने ती बातमी पीठ मळता मळता ऐकली. हात थांबवून विचारलंन, मग मेदेर येईल का? मी म्हटलं, न यायला काय झालं? तर म्हणाली, तासच नाही तर तो कशासाठी येईल. मी पीठ पुढे ओढून मळायला घेतलं.

आता तू म्हणशील एजे, तूच सांग. सांगणार नाही. तुझी बायको, तुझी लेक, तोंडही तुझंच. तास नसला तरी ये. साध्या दिवशी सांग, रागावली तर रागावू दे. तिचं वय झालंय मेदेर. गुडघे धरून उठते. तुझं खरं तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर मी तुला माफ करेन, पण तू स्वतःला करणार नाहीस.

भाचीचा माझ्यातर्फे एक पापा घे. लिदाला सांग, नणंद तोंडाने फटकळ आहे पण पिठाचे बोरसोक चांगले तळते.

तुझी,
कलिपा एजे


नोवोसिबिर्स्क,
२२ सप्टेंबर २००५

ती. अपा हिस,

मेदेरचा वाकून सलाम. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. तुझी प्रकृती ठीक असेलच. इकडे थंडी लवकर पडली. या वर्षी मुकादमाने काम डिसेंबरपर्यंत लांबवलं आहे, म्हणून ऑक्टोबरात येणं जमणार नाही. काळजी करू नकोस. जेवणखाण वेळेवर असतं, सिगरेट कमी केली आहे. तुमच्याकडे घड्याळ फिरवणं बंद झालं असं कळलं. इकडे अजून फिरवतात. गुडघ्यांना लोकरीचं कापड बांधत जा.

बाकी विशेष काही नाही. माझी आठवण ठेव.

तुझा,
मेदेर


अत-बाशी,
१४ ऑक्टोबर २००५

चि. मेदेर यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी वि. वि.

रोजे चालू आहेत. रोज्यात रागावू नये म्हणतात, म्हणून सूर्य बुडेपर्यंत थांबले. रोजा सोडला, चहा प्याले आणि मग लिहायला बसले. कलिपाकडून लिहून घेतलं असतं, पण तिचं अक्षर फार गोड आहे, त्यात माझा राग दिसला नसता. मी सात इयत्ता शिकले, तेवढ्यात भागवते.

तुझं पत्र मिळालं. बाकी विशेष काही नाही, असं लिहितोस.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात तू आलास तेव्हा तुझ्या कोटाचं अस्तर उसवलं होतं. तू आंघोळीला गेलास तेव्हा मी तो शिवायला घेतला. आत हात घातला तर एक मोजा निघाला. लाल, माझ्या अंगठ्यावर बसेल एवढा. एकच. तो हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. मग होता तिथेच परत ठेवला आणि वरून शिवून टाकलं. म्हटलं, तुझं तू सांगशील. आईने झडती घेतली असं तुला वाटायला नको.

दोन दिवसांनी आपला तास आला. स्टुलावर तूच चढलास. खाली बसून घसा खाकरलास. मनात म्हटलं, आता सांगतो. तर म्हणालास, लहानपणी सोनुनबूबूच्या खिडकीची काच मी फोडली होती. बरं. वर्षभर थांबले. गेल्या वर्षी पुन्हा घसा खाकरलास आणि म्हणालास, मी सिगरेट ओढतो. अरे, तुझ्या कोटाच्या वासावरून ते दारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मी उठून चुलीपाशी गेले आणि कढई उगाच हलवत राहिले. माझं तोंड तुला दिसू नये म्हणून.

आता सरकारने तो तासच काढून टाकला. लोक म्हणतात बरं झालं. मीही म्हणते बरं झालं. त्या तासात मला रागवायची मनाई होती आणि तुझ्या अतांचा शब्द मी मोडला नसता. आता मनाई नाही. तर ऐक, मी रागावले आहे. तू लग्न केलंस याचा राग नाही. ती आपल्यातली नसणार, नाहीतर एवढं लपवलं नसतंस. त्याचाही नाही. तू तिकडेच राहणार हेही मला दिसतं. त्याचं मला दुःख आहे, खूप आहे, ते माझं मी बघेन. राग याचा आहे की मी आजी झाले आणि मला ते कोटाच्या अस्तरातून कळलं. दोन वर्षं मी दुसऱ्यांची नातवंडं मांडीवर घेऊन खेळवते आहे, आणि माझं नातवंड चालायला लागलं असेल, बोलायला लागलं असेल, आणि मी नुसतं असेल असेल म्हणत बसते. तू मला एवढी कठोर समजलास? मी तुला कधी दारातून परत पाठवलंय?

वाईट वाटून घे. चांगलं दोन दिवस वाटून घे आणि मग तिकिटं काढ. तिकडे काटा अजून फिरतो म्हणतोस. फिरू दे, तू त्याची वाट बघत बसू नकोस. तिघं या. लेकराला कानांवरून येणारी टोपी घाला, खिंडीत वारा फार असतो. घराचं काय करायचं ते समोरासमोर बोलू. भांडण होईल. होऊ दे.

आता आशीर्वाद. ते तर मी रोजच देते. नमाज झाला की हात पसरून दुवा मागते. तुझं नाव घेते आणि मग अडते. मग म्हणते, आणि मेदेरचं ते लेकरू, आणि त्या लेकराची आई. मुलगा की मुलगी, तेही मला माहीत नाही. अल्लाला चालत असेल, मला चालत नाही. दोघांची नावं लिहून पाठव.

तुझी,
अपा