आणखी कोणीतरी काम करत आहे

सोमवार, ४ ऑगस्ट
पोचले एकदाची! ओरूरो शहरातून बसने येताना सगळी धूळ अंगावर घेतली, पण खाणीच्या फाटकाशी धाकटा भाऊ रेमी वाफाळत्या आपीचा, मक्याच्या गोड पेयाचा, पेला घेऊन उभा होता. शीण कुठल्या कुठे पळाला. तो रोज खाली उतरणार, मी वर नियंत्रण-खोलीत बसणार, आणि त्याला हवा देणारे पंखे माझ्या हातात.

काम सोपं आहे. पंख्यांचा संगणक म्हातारा झालाय, अधूनमधून बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. माऊस केव्हाच मेलाय, म्हणून काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची. तेवढा वेळ पंखे थांबतात, मग आपोआप फिरू लागतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
आज निवृत्त होणाऱ्या सेवेरोकाकांनी काम दाखवलं. आज्ञा लिहिण्याआधी त्यांनी कळफलकासमोर कोकाची पानं मांडली, सिगारेट पेटवून ठेवली, जमिनीवर दारू शिंपडली. मग खाली फोन करून बोगद्यातल्या तिओपुढे, खाणीच्या धन्याच्या त्या शिंगवाल्या मातीच्या मूर्तीपुढे, निरोप ठेवायला सांगितला, की यंत्र बंद करतोय, परवानगी असावी. खालून होकार येईपर्यंत हात बांधून बसून राहिले.

मला हसू आवरेना. विचारलं, तिओचा पासवर्डही आहे का? ते हसले नाहीत. "पोरी, न विचारता दार लावू नये. आत कोण आहे, आपल्याला कुठं ठाऊक?"

सोमवार, ११ ऑगस्ट
काका निवृत्त झाले. संगणक गोगलगायीसारखा चालायला लागला, म्हणून पाळी बदलताना आज्ञा दिली. पडद्यावर आलं: या संगणकावर आणखी कोणीतरी काम करत आहे. तरीही बंद करायचं?

खोलीत मी एकटी. याच संगणकाला जोडलेला दुसरा पडदा आहे तो सर्वांत खालच्या बोगद्यात, आणि तो बोगदा दरड कोसळल्यावर भिंत घालून बंद केलाय. वायरमन म्हणाला, त्याची तारही तोडलेली आहे. मी वैतागले. आज्ञेत सक्तीचं अक्षर जोडलं आणि जो कोणी होता त्याला बाहेर हाकललं. ना पानं, ना दारू, ना निरोप. सगळं व्यवस्थित सुरू झालं. उगाच घाबरवतात.

बुधवार, १३ ऑगस्ट
भर दुपारी संगणक आपणहून बंद पडला. मी आज्ञा दिलेली नव्हती. लगेच चालू केला, पंखे फिरले. पण वर आलेल्या माणसांचे चेहरे राखेसारखे. हवा थांबली तेव्हा त्या भिंतीमागून कोणीतरी एकेकाला नावाने हाक मारत होतं म्हणे. रेमी थट्टेवारी नेत होता.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
सेवेरोकाकांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू त्याला हाकललंस, पोरी. दार कसं लावायचं ते आता त्यालाही कळलं."

पानं मांडली. दारू शिंपडली. निरोप ठेवायला सांगितला. खालून होकार आला नाही.

रेमीचे पाय धरायचे बाकी ठेवले. उद्या उतरू नकोस म्हटलं. म्हणाला, "ताई, तुझे पंखे असताना मला कसली भीती?"

शनिवार
तो खाली उतरलाच.

पडद्यावर सेकंद उलटे मोजले जातायत. मी आज्ञा दिलेली नाही. रद्द करायची आज्ञा दिली. उत्तर— रद्द करण्यासारखं काहीही चालू नाही. सेकंद कमी होतायतच—

पंखे थांबले. अख्खी पाळी खाली.

संगणक पुन्हा उठला. पंखे फिरत नाहीत. वर आणणारा पाळणाही हलत नाही. परत एकदा चालू करून बघायचं, दुसरा उपाय नाही—

आज्ञा दिली. या संगणकावर आणखी कोणीतरी काम करत आहे. या वेळी खाली नाव आहे. रेमी.

तरीही बंद करायचं?

फोन. रेमीचाच आवाज, अगदी शांत. म्हणाला, "ताई, बाकीचे झोपलेत. मला बाहेर काढू नकोस. 'नाही' दाब."

'नाही' म्हटलं तर हवा नाही. कोणालाच नाही. 'हो' म्हटलं तर या वेळी रेमीलाच हाकलेन—

लिहितेय, कारण लिहिताना हात तिकडे जात नाही. पण खाली माणसं आहेत. जिवंत असतील. त्यांच्या बायका फाटकाशी जमल्यायत, ओरडणं ऐकू येतंय.

डाव्या हाताचं बोट 'हो'वर आहे.

रेमी, मी