गलांड्याला पाणी

४ फेब्रु.
गच्चीवरच्या गलांड्याला पहिलं फूल! लाल, कडेला पिवळं. आई गेल्यावर बाबा सोलापूर सोडून इथे राजाजीनगरात माझ्याकडे आले, तेव्हा बी रुमालात बांधून आणलेलं. त्यांचा नियम : ऊन पोटभर, पाणी घोटभर. आधी मातीत बोट खुपसायचं, कोरडी लागली तरच पाणी. मला शंभरदा बजावून झालंय.

१२ फेब्रु.
खालची पानं पिवळी. कुंडीत चिखल. एवढ्या उन्हात? घरमालकीण सरोजाक्कांचंच काम. ऑफिसला जाता जाता जरा तोडूनच बोलले. त्या नुसत्या कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या.

१३ फेब्रु.
सरोजाक्कांनी जिन्यात थांबवलं. "मी नाही बाई. तुमचे अप्पाच घालतात की. घालून खाली येतात, स्वल्प वेळानं तांब्या घेऊन परत वर."
बाबा? शक्यच नाही.

१४ फेब्रु.
घरून काम. एक डोळा जिन्यावर. बाबा चहाआधी वर गेले. चहा झाला, वर. पेपर वाचून पुन्हा वर. विचारलं, पाणी घातलंत का? "नाही गं, आता घालतो." पावलांना ओली माती होती.

१७ फेब्रु.
दादाला फोन केला. म्हणाला, वय झालं की व्हायचंच, राईचा पर्वत करू नकोस. असेलही. पण परवा गॅस...
तांब्या लपवून ठेवला. बाबा दिवसभर शोधत होते. शेवटी ओंजळीत पाणी घेऊन जिना चढायला लागले. तांब्या मुकाट्याने जागेवर ठेवला. फार रडू आलं.

२१ फेब्रु.
डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली. बाबांना खरं सांगायचा धीर नाही. माझं डोकं दुखतं, सोबत याल का, म्हटलं. लगेच म्हणाले, "घाबरू नकोस, मी आहे ना."

२५ फेब्रु.
झाड बुंध्याशी मऊ पडलंय. एकच फूल कसंबसं उभं आहे. बाबांनी वाकून मातीत बोट खुपसलं, अगदी पूर्वीसारखं. मग माझ्याकडे वळले.
"कोण घालतंय गं एवढं पाणी?"
तांब्या त्यांच्याच हातात होता.
"मीच, बाबा."
चांगले रागावले. मुळं कशी कुजतात, गलांडा तहानेनं कसा मरत नाही, सगळं सांगितलं. एक शब्द चुकला नाही. बोलतच राहावेत असं वाटत होतं. रागावून झाल्यावर तांब्या कुंडीत रिकामा केला आणि खाली गेले.
उद्या सोमवार. लवकर निघायचंय.