पाण्यावर दादा नाही

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२६

ती. रत्नमालाआत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं तू पत्र मानत नाहीस, म्हणून हा कागद. काल जायकवाडीच्या जलाशयावर आमच्या क्लबची शर्यत झाली आणि मी हरले. वाऱ्यामुळं नाही, संघपालदादाला वाट दिल्यामुळं हरले. अजून डोकं तापलेलं आहे.

आमच्या शिडाच्या होड्या एकट्यानं चालवायच्या असतात. भोंगा वाजेपर्यंत सगळ्या होड्या एका न दिसणाऱ्या रेषेमागं घुटमळतात. रेषेच्या एका टोकाला पंचांची बोट, दुसऱ्या टोकाला तरंगतं पिंप. ही घुटमळ म्हणजेच निम्मी शर्यत, आणि तिथं वाट कुणी कुणाला द्यायची ते ठरलेलं आहे. एकाच बाजूनं वारा घेत दोन होड्या शेजारी आल्या, की जिच्यावर वारा आधी येतो ती वरची. वरचीनं दूर राहायचं, हक्क खालचीचा. पंचांच्या बोटीशी फट दिसली म्हणून वरचीला तिथं घुसता येत नाही.

काल मी खालची होते. दादा नेमका त्या फटीत नाक घालत आला. मी ठणकावून त्याला दूर राहायला सांगायचं, तर तोंडातून निघालं फक्त दादा. तेवढं म्हटलं आणि हातानं आपोआप सुकाणू ओढलं. घरात मोठा माणूस आला की आपण जागा सोडून उठतो, तशी माझी होडी सरकली. तो माझा वारा अडवून पुढं निघून गेला.

आता आम्ही दोघं बरोबरीत आहोत. राज्याच्या संघात क्लबमधून एकच जण जाणार, आणि पंचवीस तारखेच्या शेवटच्या शर्यतीत जो पुढं राहील तो जाणार. मला जायचंच आहे. मामांना जयभीम सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे, हरलेल्या भाचीवर थोडी जास्त.

तुझी,
रूपा


लासूर स्टेशन
९ जानेवारी २०२६

चि. रूपास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या बाजार समितीच्या फाटकावर कांद्याचे ट्रॅक्टर असंच करतात. रांग सोडून बाजूनं यायचं, नाक घालायचं आणि रांगेतल्याला मामा म्हणायचं. मामा म्हटलं की गडी सरकतोच. हे सांगून स्वतःच लई हसले.

पण मला हसू आलं नाही. संघपालचं वय यंदा संपतंय, पुढच्या वर्षी त्याला या वयोगटात घेणार नाहीत. तुझी अजून दोन वर्षं बाकी आहेत. आमच्या विहिरीत तुला पोहायला त्यानंच शिकवलं, तू नाकातोंडात पाणी जाऊन त्याच्या गळ्याला मिठी मारायचीस, विसरलीस काय? यंदा त्याला जाऊ दे. पंचांचा नियम असेल, पण तुम्ही बहीणभाऊ आहात.

रागावू नकोस आणि जेवणावर राग काढू नकोस. आधीच काडी झालीस, उद्या वारा शिडाऐवजी तुलाच घेऊन जायचा. म्हातारीशी लोभ धरून राहा.

तुझी आत्या,
रत्नमाला


उस्मानपुरा
१४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि उशीत तोंड खुपसून रडले, कारण विहीर मी विसरलेली नाही. दादानं माझी खोली मागितली तर आज देईन. पण संघातली जागा ही देऊन टाकायची वस्तू नाही, ती जिंकायची असते. मी सरकले आणि तो गेला, तर तो मी टाकून दिलेलं घेऊन जाईल. हे मला त्याच्यासाठीसुद्धा नको आहे. तुझं ऐकत नाही, माफ कर.

मामा मात्र बरोबर बोलले. नातं काढलं की माणूस सरकतो. म्हणून पाण्यावर नातं काढायचंच नाही असं मी ठरवलं आहे. दादाच्या शिडावर बत्तीस नंबर आहे, त्याच नंबरानं हाक मारायची. जीभ वळावी म्हणून गच्चीवर बत्तीस, बत्तीस ओरडत असते. शेजारच्या गीताबाईंनी आईला विचारलं, तुमच्याकडं रोज हाऊजी खेळतात का?

दादाला आधीच बजावलं आहे, यावेळी वाट मिळणार नाही. तो नुसता हसला. हसू दे. आज तिळगुळाचा पहिला लाडू त्यालाच दिला. तुझ्यासाठी डबा पाठवते आहे, तो रिकामा करून माझ्यावरचा रुसवाही त्यातच संपव.

तुझी,
रूपा


उस्मानपुरा
२७ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

निकाल मीच लिहितो असं रूपाला सांगितलं. संघात ती जाते आहे.

रविवारी वारा चांगला होता. भोंग्याच्या आधी ती पंचांच्या बोटीजवळ होडी रोखून बसली होती, बोटीच्या आणि तिच्या मध्ये जेमतेम फट. मी वरून आलो. तिनं बजावलेलं होतं, तरी मला खात्री होती की ऐनवेळी सरकेल, नेहमी सरकते. तेवढ्यात बत्तीस, दूर राहा अशी खणखणीत आरोळी आली. क्षणभर मला कळलंच नाही की ही आपली रूपा आहे. ती हलली नाही. मी वळवेपर्यंत माझी होडी तिच्या कडेला घासली.

चूक सरळ माझी होती. पंचांनी सांगायची वाट न बघता बाजूला जाऊन शिक्षेचे दोन पूर्ण गोल फिरलो. तोवर ती लांब गेली. नंतर जीव तोडून पाठलाग केला, पण शेवटपर्यंत तिची पाठच दिसत राहिली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. परतीच्या वाटेवर बिडकीन गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसलो. मग तिनं तुझं पत्र माझ्या हातात दिलं. शर्यतीआधी दाखवलं नव्हतं. आत्या, तू माझ्यासाठी मागितलंस, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण तिनं ऐकलं नाही ते बरं झालं. ती मुद्दाम सरकली असती तर मला कधी कळलंच नसतं, आणि मी जिंकलो म्हणून मिरवत फिरलो असतो.

घरी पोचलो. आपला जिना किती अरुंद आहे तुला माहीत आहे. आज पुढं जायचा मान तिचा, म्हणून मी पायरीशी थांबलो. तर ती पिशव्या घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, दादा, आधी तू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आधी वर गेलो.

मामांना जयभीम. तिला निरोप द्यायला स्टेशनवर ये आणि आम्हा दोघांवर सारखीच माया ठेव.

तुझा,
संघपाल