मागच्या हाउसिंगची गळती

आई, तुला हसू येईल, पण तुझ्या वालाच्या तुकड्यावर आता मी गाडी फिरवते. शेत म्हणावं असं आपल्याकडे तेवढंच उरलंय. तू गेलीस तेव्हा पूर्ण्याच्या रस्त्याला मोजकी गोडाऊनं होती. आता तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच भिंती आहेत आणि मधे आपली माती. त्या मातीवर मी जुने टायर लावून वळणं केलीत, दोन उंचवटे केलेत, एक खड्डा मुद्दाम चिखलाचा ठेवलाय. रविवारी शहरातली माणसं पोरांना घेऊन येतात, एटीव्हीवर बसतात आणि अंगावर चिखल उडाला की खूश होऊन आणखी एक फेरी मागतात. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची मोटरसायकल. ज्या चिखलात पाय भरले म्हणून तू आम्हाला ओरडायचीस, त्याच चिखलासाठी लोक आता लांबून येतात.

दादाला हे पहिल्यापासून पटलेलं नाही. तुकडा ट्रक उभे करायला भाड्याने द्यावा आणि सुखाने झोपावं, असं त्याचं म्हणणं. बरीच वादावादी झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायला तो तयार झाला. तोवर धंदा उभा राहिला तर ठीक, नाहीतर तुझी माती काँक्रीटखाली जाणार. आणि नेमकं दसऱ्यानंतर माझ्या एकुलत्या गाडीच्या मागच्या हाउसिंगमधून तेल गळायला लागलं. हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्याच्या पोटात दातेरी चाकं तेलात फिरतात आणि दोन्ही चाकांना ओढतात. तेल संपलं की दाते खलास.

वडप्याच्या मेकॅनिकने चाकाच्या दांड्यांजवळची रबरी सीलं बदलली. थोड्या फेऱ्या होतात न होतात तोच पुन्हा काळा ओघळ. त्याने पुन्हा नवी सीलं बसवली, पुन्हा तेच. मग कंबरेवर हात ठेवून तो म्हणाला, "मॅडम, पूरा खोलना पडेगा." पूर्ण उघडायचं म्हणजे सामान मागवण्यातच दिवाळी निघून जाणार. दादा शेजारीच उभा होता. तो नुसता गाडीकडे बघत राहिला. मला त्याच्या त्या बघण्याचा इतका राग आला, की याला मनातून आनंदाच्या उकळ्याच फुटत असतील असं वाटलं.

तो राग काढायला घरी येऊन भांडी घासायला बसले आणि तू आठवलीस. मी ओट्यावर तेलाचा डबा उलटसुलट करून गळकी जागा शोधतेय. डब्याला तेल, हाताला तेल, ओट्यालाही तेल. तू माझ्या हातातून डबा काढून घेतेस आणि म्हणतेस, "आदी पूस गो. वल्यात वल दिसत न्हाय." मग डबा कोरडा करून त्याला सगळीकडून तांदळाचं पीठ चोळतेस आणि बाजूला ठेवून खुशाल भाकरी थापायला लागतेस. थोड्या वेळाने पिठात एकाच सांध्यावर पिवळा ठिपका उमटतो.

भांडी तशीच टाकून मी तुकड्यावर गेले. हाउसिंग रॉकेलने धुतलं, पुसलं आणि त्याला तांदळाचं पीठ फासलं. मेकॅनिकने पाहिलं असतं तर मी घावणे घालतेय असंच त्याला वाटलं असतं. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली आणि खाली वाकून पाहिलं. पीठ एका जागी नाही, दोन्ही बाजूंना आणि पुढेही भिजलं होतं. बाजूंची नवी आणि पुढचं जुनं, सगळी सीलं एकदम कशी खराब निघतील? तेल भरायचा बोल्ट जपून सैल केला तर आतून फुस्स करून हवा आली.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आपला कुकर कडेने वाफ सोडायचा तेव्हा मी नवी रिंग आणली, तरी तो सोडतच राहिला. तू झाकण उजेडात धरलंस, शिट्टीच्या नळीत अडकलेलं डाळीचं साल काडीने काढलंस आणि म्हणालीस, "रिंगीचा काय दोष हाय? वाफेला वाट न्हाय, मंग ती जाईल कुठं?"

हाउसिंगलाही तशी वाट असते. वरून एक बारीक रबरी नळी निघते आणि गरम हवा सोडायला सीटखाली जाते. मी सीट काढली. त्या नळीला तारेने करकचून आवळलेली एक काळी बाहुली होती. तिच्याखाली दुसरी, जरा नवी, आणखी घट्ट. तारेखाली नळी पार चपटी झाली होती. गाडीची दसऱ्याची पूजा दादाने केली होती आणि कुंपणाला तो हीच तार वापरतो. पहिली तेव्हाची. तेल गळायला लागल्यावर दृष्ट लागली म्हणून त्याने दुसरी बांधली असणार. तीही लपवून, कारण मी तुझी मुलगी. दृष्ट काढायला आणलेल्या मिरच्या तू सरळ मसाल्यात टाकायचीस.

आई, मी तिथेच मातीत बसून खूप हसले आणि मग रडले. माझा धंदा बुडावा म्हणून वाट बघतोय असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, तो माझ्या गाडीला बाहुल्या बांधत होता.

तार कापली. नळी फुगून मोकळी झाली, तेल खुणेपर्यंत भरून घेतलं आणि रविवारच्या सगळ्या फेऱ्या कोरड्या पार पडल्या. दादाने विचारलं, काय होतं गं? मी म्हटलं, सीलच खराब होतं. तो नुसता "हां" म्हणाला आणि दिवाळीसाठी फाटकावरची पाटी रंगवायला बसला. बाहुल्या मी सीटच्या लोखंडी पट्टीला सुती दोऱ्याने सैल बांधून ठेवल्यात. तू असतीस तर त्याला तोंडावर सांगून मोकळी झाली असतीस. मला नाही जमलं.

आता गाडीखाली रात्रभर एक कागद ठेवायचाय, थेंब पडतो का ते बघायला. घरात कोरा कागद नाही, म्हणून हेच पान ठेवते, लिहिलेली बाजू खाली. सकाळी माझ्याआधी दादा येतो. तो वाकून थेंब आहे का बघेल आणि पान तसंच ठेवेल. खरं सांगू, त्याने ते उलटावं असंही मला थोडं वाटतंय.