होडीची तांबडी रेघ

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अखेर शिवणाचं दुकान होडीवर थाटलं! कालव्याच्या काठाला बांधलेली असते. माप घेताना गिऱ्हाईक डुलतं, त्यामुळे सगळ्यांच्या विजारी यंदा ढगळ. तीन शिवणयंत्रं, दगडी टेबल, बाबांचं लोखंडी कपाट, सगळं मावलं. फक्त होडीवाल्याने बाहेरून काढून दिलेली तांबडी रेघ सारखी पुसली जाते. दोनदा थोडी वर नवी ओढली.

तू आता शाळेतून निवृत्त झालीस. मागची खोली तुझीच. ये राहायला.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ जून

चि. शिंपीबुवास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, रेघ पुसली नाही, बुडाली! जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं आणि घरचाच विद्यार्थी कच्चा राहिला. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, तेव्हा तरंगते. वजन वाढवलंस की ती आणखी खाली बसणार. पहिली रेघ ही हद्द आहे, नक्षी नव्हे. टेबल आणि कपाट आजच उतरव. बाबा रागावणार नाहीत.

मी मात्र यायची नाही. माझं वजन, वर पुस्तकांच्या पेट्या. पुन्हा रेघ बुडेल. खरं सांगू? होडीचं निमित्त. भावाच्या घरात अडगळ व्हायची धास्ती वाटते रे.

जपून राहा, पत्र पाठवत जा.
तुझी ताई

दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेबल, कपाट उतरवलं. उचलणाऱ्यांनी माझा उद्धार केला, पण तिन्ही रेघा बाहेर आल्या. मग मागच्या खोलीत तुझ्या आणि पेट्यांच्या वजनाइतके कापडाचे गठ्ठे रचले. रागावू नकोस, माझा अंदाज चुकत नाही. पाणी बरोब्बर पहिल्या रेघेला टेकलं. म्हणजे तू आलीस तरी होडी हद्दीत.

गठ्ठे असतानाच काठावर लाकडी पायरी ठोकून घेतली, होडीच्या अगदी बरोबरीने. आता गठ्ठे काढलेत, तर होडी पायरीपेक्षा दोन बोटं वर राहते. रोज कुणी ना कुणी ठेचकाळतं आणि सुताराला नावं ठेवतं.

मी सगळ्यांना सांगतो, पायरी बरोबर आहे. आमची ताई यायची आहे.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा