रविवारच्या तापाचं निदान

चि. ढब्बू यास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. (तू आता साहेब झालास, गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडतोस, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं नाव जन्मल्याबरोबर वजनकाट्याने ठेवलं, ते पगारवाढीने बदलत नाही.) तुझी तब्येत बरी असेल, वेळेवर जेवत असशील आणि ओल्या केसांनी थंडीत बाहेर पडत नसशील, असं मी धरून चालते. आम्ही उभयता ठीक. काकांचे गुडघे नेहमीसारखेच, म्हणजे भाजी आणायची असली की दुखतात आणि मित्राकडे पत्ते खेळायला जायचं असलं की दुखत नाहीत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तिसरं काका बोलतात.

आता मुद्दा. (मुद्दा यायला वेळ लागेल, बूड टेकून वाच.) तू नोकरीसाठी परमुलखात गेलास आणि जाताना तुझा तो भलाथोरला कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारून गेलास. वर त्यात ट्रक चालवायचा खेळ घालून, दर रविवारी दुपारी आपण दोघांनी मिळून माल पोचवायचा असा नियमही करून दिलास. मला काकांनी एकदा गाडी शिकवायला घेतली होती आणि पहिल्याच वळणावर किल्ली काढून घेतली होती. तीच मी आता लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक घाट उतरवते. तू पुढे, मी मागे, आणि स्पीकरमधून तुझा आवाज, की मावशी, ब्रेक हलका दाब. सगळं छान चाललं होतं. पण मग त्या खोक्याला अर्ध्या तासातच धाप लागायला लागली. पंखा असा बोंबलायचा की शेजारच्या बाईंना वाटे मी मिक्सर लावलाय. रस्ता तुकड्यातुकड्यांनी यायचा. मी आधी झाडाला आपटायची आणि झाड मागाहून दिसायचं. एकदा तर टोलनाक्यात ट्रकसकट घुसले आणि नाका नंतर उगवला. मग खोकं निवेपर्यंत आपण दोघं ट्रक कडेला लावून बसायचो.

आणि एका रविवारी तू म्हणालास की मावशी, राहू दे आता, तुला उगाच त्रास. मी बरं म्हटलं, उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. रविवार गेला तर माझ्याकडे तुझं उरणार काय होतं? फोनवर जेवलास का विचारायचं आणि तू हो म्हणायचं. मला फार वाईट वाटलं, ते सरळ लिहून टाकते. पण मी जन्मभर वॉर्ड सांभाळलेली नर्स आहे. पेशंट हातचा जातोय म्हणून हातपाय गाळणाऱ्यातली नव्हे. तूच सांगितलं होतंस की कॉम्प्युटर फार तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मंदपणा हा रोग नव्हे, तापाचा परिणाम. आणि ताप हासुद्धा रोग नव्हे, लक्षण. मूळ शोधायला हवं होतं.

मूळ शोधतेय म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळं गाव धावलं. शेजारचे आर्किटेक्ट म्हणाले व्हायरस. (त्यांच्या मते त्यांच्या घराला ओल येते तीही व्हायरसनेच.) तुझी आई म्हणाली त्याला जरा विश्रांती दे, नाहीतरी तू सगळ्यांना राबवून घेतेस. दुकानदाराने खोक्याचा फोटो बघितला, हळहळला आणि नवीन घ्या म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तापाच्या पेशंटला आम्ही अशी वाट दाखवली असती तर हॉस्पिटल ओस पडलं असतं. राहता राहिले काका. काका आयुष्यभर विम्याच्या दाव्यांची छाननी करत आले, त्यामुळे कोणी आजारी आहे हे त्यांना मुळात पटतच नाही. त्यांच्या मते कॉम्प्युटर सोंग करत होता. ते रोज सकाळी त्याच कॉम्प्युटरवर पत्ते लावतात तेव्हा तो हूं की चूं करत नाही, म्हणजे दोष खेळाचा, आणि खेळाचा म्हणजे अर्थात माझा.

मी कोणाचंच ऐकलं नाही. तू त्यात घालून दिलेला तो तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू केला, वॉर्डात लावायचो तसा तक्ता आखला आणि टेबलाच्या पायाला क्लिपने लटकवला. उपचारही सुरू केले. आधी बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून खोक्यावर ठेवल्या. (ओरडू नकोस, एकही थेंब आत गेला नाही, लगेच काढल्या.) मग बंद करून, वायर उपटून, बाजूचं झाकण उघडलं. आत पंख्यावर धुळीची अशी जाड साय धरली होती की एका बाहुलीची गादी भरली असती. ती काकांच्या दाढीच्या ब्रशने हलक्या हाताने काढली. ब्रश धुऊन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले या साबणाने चेहरा खाजतो, मी म्हटलं कंपन्या आजकाल काहीही घालतात. हे त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस.

धूळ काढल्यावर बुधवारी मी एकटीने सराव केला. (हो, मी बुधवारी सराव करते. तुझ्यासमोर सारखं झाडावर जायला मला काय लाज नाही?) तासभर ट्रक हाकला, ताप बेताचा, पंखा शांत. मी खूश. आणि रविवारी, मी गळ घातली म्हणून, तू खेळायला आलास नि पुन्हा तेच, तापाचा काटा वर आणि माझा ट्रक नदीत. पुढच्या बुधवारी परत ठीक. रविवारी परत ताप. काका तक्ता बघून म्हणाले, बघ, तुला तुझ्या भाच्याची बाधा होते. मलाही क्षणभर वाटलं की दोघांनी मिळून खेळणंच त्या बिचाऱ्याला झेपत नसेल आणि तू म्हणालास तेच खरं, राहू द्यावं. पण वॉर्डात एखाद्या पेशंटला ठरलेल्या वारीच ताप चढायला लागला, तर आम्ही औषध बदलत नसू, त्या दिवशी भेटायला कोण येतं ते बघत असू.

म्हणून गेल्याच्या गेल्या रविवारी खोकं बोंबलायला लागलं तशी मी तुला थांब म्हटलं आणि टेबलाखाली वाकले. खोली तू पाहिली आहेस. टेबल मधोमध, खोकं टेबलाखाली, त्याची पाठ पलीकडे, आणि पलीकडे काकांची आरामखुर्ची. काकांना माझ्या खेळाचा तिटकारा, पण दर रविवारी बरोबर त्याच वेळी त्याच खुर्चीत पेपर वाचत बसतात. मी आपली समजत होते, नवराच तो, कुठेतरी बसणारच. खाली बघते तर दोन पाय, दोन्ही गुडघे खोक्याच्या पाठीला भिडलेले, आणि त्यावरून टेबलाच्या कडेपर्यंत माझी जाड लोकरी शाल तंबूसारखी ताणलेली. गरम हवा बाहेर पडते ती भोकं सगळी तंबूच्या आत. स्वारी फुकटात गुडघे शेकत होती आणि कॉम्प्युटर स्वतःचीच वाफ गिळत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. जे गृहस्थ जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडत आले, ते शाल गुंडाळत म्हणाले की खोकं उबदार असतं हा काही गुन्हा नाही.

पण ढब्बू, शाल हिसकावताना त्यांच्या हातातला पेपर खाली पडला. तो आठवड्यापूर्वीचा होता. शिवाय बुधवारीही खोकं गुडघे शेकण्याइतकं उबदार असतं, तेव्हा काका खोलीत फिरकत नाहीत. तूच बघ काय समजायचं ते.

तर आता खोकं टेबलाच्या वर, भिंतीपासून लांब, मोकळ्या हवेत आहे. काकांना गरम पाण्याची पिशवी आणून दिली आहे. गेल्या रविवारी आपण सगळा माल न थांबता पोचवला, माझा एकही ओंडका पडला नाही आणि तू म्हणालास की मावशी, आता तू तयार झालीस. पेशंट बरा होऊन घरी गेला, तक्ता मी फाडून टाकला. तेव्हा रविवार बंद करायची गोष्ट पुन्हा काढू नकोस. स्वतःला जप, डोळ्यांना विश्रांती दे.

तुझी,
मावशी

ता. क. खरं सांगू? गेल्या रविवारी सगळं सुरळीत झालं आणि मला चैन पडली नाही. दोन तासांत तू मला डावीकडे वळ, डिझेल भर आणि शाब्बास, एवढंच म्हणालास. आधी ट्रक कडेला लावून बसायचो तेव्हा तू सांगायचास की घरमालकीण जिन्यात चपलांचा आवाज करू देत नाही, तुझा साहेब मीटिंगमध्ये डुलक्या घेतो, आणि कधी कधी सगळे निघून गेल्यावर तू ऑफिसमध्ये उगाचच बसून राहतोस. हे शेवटचं तू एकदाच बोललास, पण मी ऐकलंय. तर दर रविवारी एकदा, खोकं तापो न तापो, आपण ट्रक कडेला लावायचा. हवं तर तुझा तापला म्हण. मी काही तपासायला येत नाही.

ता. क. दुसरा. काकांनी हे पत्र मी पोस्टात टाकायच्या आधी पाकिटातून काढून वाचलं. ब्रश नवीन आणला आहे आणि माझ्याशी सकाळपासून बोलत नाहीत. पेपरबद्दल मात्र त्यांनी काही हरकत घेतलेली नाही. खुर्ची मी खिडकीशी नेली होती, ती आज पुन्हा टेबलाजवळ आली आहे, आपोआप. तेव्हा ट्रक थांबवलास की जरा मोठ्याने बोल. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि हे त्यांनी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.