त्या जागेचं नाव

१४ जानेवारी
पाचवं मलम. आणि पाचव्यांदा कुणी बघितलंच नाही!

स्किनवाल्या डॉक्टरांना म्हटलं, खाली खाज येते, उजव्या बाजूला, दीड वर्ष झालं. मान वर न करता लिहायला लागले. ‘फंगल आहे. कॉटनचे कपडे वापरा. काय करता आपण?’ म्हटलं, माजिवड्याला मैदानावर बायकांना स्कूटर शिकवते. ‘मग बरोबर! सीट गरम होते. बंद करा ते.’

बंद करा! पन्नाशीच्या बायका येतात माझ्याकडे, जन्मात पहिल्यांदा हँडल धरायला. त्यांना काय सांगू – घरी बसा, सीट गरम होते?

२ फेब्रुवारी
मलम संपलं. खाज आहे तशीच.

९ फेब्रुवारी
वन्सं आल्या डोंबिवलीहून. उत्तमची थोरली बहीण, त्यामुळे आल्या की घर त्यांचंच. पिशवीत कडुलिंबाचा पाला. ‘उकळून त्या पाण्याने धू. आणि मालन, असलं फोनवर काय बोलतेस गं? उत्तम बाजूला असतो.’

म्हटलं, वन्सं, तो नवरा आहे माझा!

‘म्हणून काय झालं? बायकांचं बायकांत. तेही फार नाही.’

धुतलं. नुसती आग आग झाली.

२० फेब्रुवारी
आज बायकांच्या डॉक्टर. वाटलं, ही तरी बघेल. ‘पाळी गेली ना? कोरडेपणा. या वयात होतं.’ पडद्यामागचं टेबल रिकामंच. शेवटी मीच विचारलं, बघणार नाही का? ‘गरज नाही.’

बाईच बाईला – जाऊ दे! घरी खोपटपर्यंत रिक्षात एका मांडीवर बसून आले. खड्डा आला की जीव जात होता.

३ मार्च
स्वतःच बघितलं. बाथरूममध्ये, हातातला आरसा घेऊन. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा. लालभडक चट्टा, कडा आखल्यासारख्या, मध्ये पांढरट खवले, ओलं ओलं. ही बुरशी?

ऐश्वर्याला फोन केला. लेकीला सांगायला कसली लाज! ती पुण्याहून ओरडलीच – ‘आई, दीड वर्ष? आणि एकानेही बघितलं नाही?’ तासाभरात तिने ठाण्यातल्याच एका डॉक्टरची वेळ घेतली.

११ मार्च
डॉ. व्हेनेसा. बायकांच्या कॅन्सरच्या सर्जन. पाटी वाचूनच परत फिरणार होते. पण आधी टेबलावर झोपवलं, दिवा ओढला आणि बघितलं. बघतच राहिल्या. ‘दुखलं तर सांगा हां.’ मग, ‘आधी कुणी तुकडा काढून तपासला का?’

कुणी नाही.

कागदावर चित्र काढलं. ‘ही योनी. हा तिचा उजवा मोठा ओठ. चट्टा इथून इथपर्यंत आहे.’ मी शिकवताना सांगते ना, हा ब्रेक, हा आरसा – तितक्या साध्या आवाजात! आजपर्यंत ‘खाली’, ‘तिकडे’, ‘ती जागा’. नाव आहे की तिला!

सुई टोचून बधिर केलं, डाळीएवढा तुकडा काढला. सुई लागली. रडले नाही.

२४ मार्च
कॅन्सर आहे. कातडीचा. पॅजेट म्हणतात. बहुतेकदा स्तनाच्या बोंडावर होतो. माझा योनीच्या ओठावर.

डॉक्टर म्हणाल्या, ‘फार कमी बायकांना होतो हा. हळू वाढतो, दिसतो गजकर्णासारखा. पहिल्यांदा चुकणं मी समजू शकते. पण मलमांनी बरं होत नाही म्हटल्यावर तुकडा काढायला हवा होता.’

मरेन का, विचारलं. ‘वरच्या थरातच असेल तर नाही. तेच आता बघायचंय.’

रडू नाही आलं. संताप आला. घरी येऊन ती पाचही मलमं कचऱ्यात फेकली.

५ एप्रिल
या आजाराबरोबर कधीकधी आत दुसरा कॅन्सर दडलेला असतो म्हणे. म्हणून आतड्यात दुर्बीण, लघवीच्या पिशवीत दुर्बीण, छातीचा फोटो. पोट साफ करायचं औषध पिऊन अर्धमेली झाले.

त्यात काउंटरवरचा तो माणूस – ‘कॅन्सर कसला?’ मी हळू सांगितलं. ‘मोठ्याने बोला मॅडम.’ मग बोलले मोठ्याने! योनीच्या ओठाचा! अख्खी रांग वळून बघायला लागली. तो गोरामोरा. उत्तम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा.

१२ एप्रिल
आत काही नाही. सगळे रिपोर्ट साफ.

उत्तमने नातेवाइकांत सांगून टाकलंय – गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. कडाक्याचं भांडलो. ‘लोकांना काय सांगू मालन? कसं सांगू?’ जसं आहे तसं सांग! ‘जमत नाही गं मला.’ आणि जेवता जेवता रडायला लागला. एकतीस वर्षांत हा माणूस रडलेला बघितला नव्हता. म्हणाला, ‘आपण एका घरात राहतो, आणि दीड वर्ष तुला एवढं दुखत होतं...’

मग काय, मीच पाणी दिलं. आजारी मी, पाणी देणार मीच!

२९ एप्रिल
ऑपरेशन झालं. ओठ काढला, शेजारची कातडी ओढून शिवली. नळी लावलीय. लिहवत नाही.

८ मे
घरी. बसता येत नाही, हसता येत नाही, शिंकायची तर भीतीच. उत्तम रोज मिठाच्या कोमट पाण्याचा टब भरतो, मग चष्मा लावून टाके बघतो. काल डॉक्टरांना फोनवर – ‘मॅडम, उजव्या मोठ्या ओठाच्या – म्हणजे तो होता तिथल्या – खालच्या टाक्याला जरा ओल आहे.’ शेजारच्या गॅलरीत ऐकू जाईल असं बोलला! मी उशीत तोंड घालून हसले. टाके ताणले.

वन्सं बघायला आल्या. सफरचंदं ठेवली, पिशवीचं कसं झालं विचारलं. सगळं सांगितलं, नावानिशी. पदर सावरला, पिशवी उचलली. लवकरच निघाल्या. गेल्या त्या गेल्याच, फोनसुद्धा नाही. बसू दे रुसून!

२० मे
रिपोर्ट. चांगलं: खोल गेलेलं नाही. वाईट: एका कडेला पेशी अजून आहेत. म्हणजे काय, परत कापणार?

‘डोळ्यांना दिसतो त्याच्या पलीकडे पसरलेला असतो हा. लगेच कापायचं नाही. आधी एक मलम लावू.’

मलम!! मी असं काही बघितलं की डॉक्टरांनाच हसू आलं. ‘हे वेगळं आहे मालनताई. हे लावलं की तुमचं शरीरच त्या पेशींशी भांडतं. आग होईल, ताप येईल. आणि पुढची बरीच वर्षं मी बघत राहणार. परत येतो हा.’

बघत राहणार. बघा बाई, बघा.

१ जून
आग कसली, निखारा आहे. लावतेय.

६ जून
वन्सं आल्या, न कळवता. चहा नको म्हणाल्या. उत्तमला मासळी आणायला पिटाळलं, दार लावलं. बसल्या नाहीत. ‘तुझी ती डॉक्टरीण... म्हाताऱ्या बायकांना बघते का गं?’

कुणाला दाखवायचंय, विचारलं. साडीच्या निऱ्या मुठीत धरून नुसत्या उभ्या.

कधीपासून, वन्सं?

‘हे होते तेव्हापासून.’

त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली.